नकारांची अदलाबदल

"आजपासून विचारायचं नाही," ताई म्हणाली, आणि दूध संपल्याचं सांगावं तितक्या सहजपणे कप विसळायला मोरीकडे वळली.

धाकटी ब्रेडचा तुकडा हातात धरून बसून राहिली. नऊ वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं पाठमोरं, नळाच्या आवाजात बोललं जाईल, असं तिला वाटलं नव्हतं. काहीतरी व्हायला हवं होतं. निदान ताईने हात पुसून तरी बोलायचं.

"मग आणखी अर्धा कप चहा घेऊ?"

"विचारलंस!" ताई नळ बंद करून वळली. "अजून मिनिटसुद्धा झालं नाही."

"चहाचं नव्हतंच नियमात."

"नव्हतं ना? मग विचारलंस कशाला?"

धाकटीने चहा घेतला नाही. घ्यावासा वाटत होता म्हणून विचारलं, की विचारायची सवय म्हणून घ्यावासा वाटला, हे तिला ठरवता येईना. आणि तेवढ्यात चहा निवून गेला.

नियम ताईनेच घातला होता. ज्या वर्षी आई गेली त्या वर्षीची गोष्ट. धाकटी तेव्हाही दातांच्या लॅबमध्ये कवळ्या जुळवत असे, आणि त्या दुपारी रुग्णालयातून निरोप आला तेव्हा तिच्यासमोर गुलाबी मेणाचा एक रिकामा जबडा होता. ती मालकांकडे गेली आणि म्हणाली, "जाऊ का?" मालक म्हणाले, "एवढा जबडा पुरा करा आणि जा." वाईट मनाने म्हणाले नाहीत. डॉक्टरांचा माणूस दाराशी खोळंबला होता, आणि निरोपातही घाईचं असं काही नव्हतं. कवळीच्या एका जबड्यात चौदा दात असतात. तिने चौदाही बसवले, एकेक करून, मेण तापवून, नीट. ती पोचली तेव्हा आईच्या खाटेवर नवी चादर घालून झाली होती. आणि ती चादर ताईच्या हाताखालून आलेली होती, कारण ताई त्याच रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती.

आईचे कपडे वाटून झाले त्या संध्याकाळी दोघी टेबलाच्या दोन टोकांना बसल्या आणि त्यांनी ठरवलं, की 'जाऊ का' हे पुन्हा कुणालाही विचारावं लागू नये. त्यासाठी पोटाला चिमटा काढायचा. गाठीला इतकं जमवायचं, की कुठल्याही मालकाने 'या' म्हटलं तर 'येत नाही' म्हणता आलं पाहिजे.

"पण आपल्याच्याने होणार नाही ते," धाकटी म्हणाली होती.

"होणार नाहीच. स्वतःला नाही म्हणायची वेळ आली की माणूस स्वतःकडूनच लाच खातो." ताईचं डोकं अशा वेळी इस्त्रीसारखं चालायचं, तापलेलं आणि सरळ. "म्हणून तुझं नाही माझ्याकडे ठेव. माझं तुझ्याकडे."

भाडं, अन्न, औषध आणि जाण्यायेण्याचा खर्च सोडून जे काही हवंसं वाटेल ते रविवारी संध्याकाळी दुसरीला विचारायचं. दुसरीने हो किंवा नाही म्हणायचं. कारण सांगायचं नाही, विचारायचं नाही. 'जाऊ का' म्हणावं लागू नये म्हणून त्या नऊ वर्षं दर रविवारी एकमेकींना जाऊ का, घेऊ का, शिकू का असं विचारत राहिल्या. त्यातली गंमत ध्यानात यायला उसंत दोघींनाही नव्हती. धाकटीला पोहायला शिकायचं होतं. नाही. चिनीमातीच्या दातांचं नवं काम शिकवणारा वर्षभराचा वर्ग होता. नाही. बरोबरच्या बायका चार दिवस समुद्रावर निघाल्या होत्या. नाही. ताईला हिरवा कोट हवा होता, आणि त्याला नाही म्हणायचं काम धाकटीच्या वाट्याला आलं होतं. ओळीने तीन हिवाळे ताईने कोट मागितला, आणि तिन्ही वेळा नाही म्हणून झाल्यावर धाकटी न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडून रडली.

गेल्या आठवड्यात बँकेतल्या माणसाने कागदावर बोट ठेवून सांगितलं, की आता दोघींनी हाताची घडी घातली तरी छपराला आणि घासाला धक्का नाही. ताईने तो कागद चार वेळा वाचला. धाकटीने वाचला नाही. ती त्या माणसाच्या नखांकडे पाहत राहिली.

"मालकांना काय सांगणारेस?" ताईने पिशवी खांद्याला अडकवत विचारलं.

"तेच म्हणते. काय सांगू?"

"बघ," ताई म्हणाली, आणि दार ओढून गेली. तिच्या 'बघ'मध्ये राग होता की हसू, हे जिन्यावरच्या पावलांवरून ओळखता आलं नाही.

लॅब म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीशी तीन टेबलं, शेवटी प्लास्टर कालवायचं दगडी टाकं, आणि सगळ्यावर चुन्यासारखी पांढरी भुकटी, जी संध्याकाळपर्यंत माणसांच्या भुवयांवरही बसे. खोलीला मेणाचा, स्पिरिटच्या दिव्याचा आणि घासलेल्या प्लॅस्टिकचा वास होता. तो धाकटीच्या केसांना इतका चिकटला होता, की सुट्टीच्या दिवशी तिला स्वतःचा वास अनोळखी वाटे.

मालक दारातच उभे होते. वय झालं होतं. हल्ली ते बोलायच्या आधी ओठ ओले करत.

"बाई, ती नवी मुलगी उत्तरासाठी अडून बसली आहे. तिला दुसरीकडूनही बोलावणं आहे. तुम्ही राहत असाल तर तिला नाही कळवतो. जात असाल तर उद्यापासून तिला घेतो. तुम्ही मागं म्हणाला होतात, की जाल बहुतेक."

"म्हणाले होते."

"तर आज सहापर्यंत सांगा. राहिलात तर मला हवंच आहे. पण टांगून ठेवू नका. तिलाही आणि मलाही."

"सांगते," धाकटी म्हणाली. आणि खुर्चीवर बसल्यावर तिला कळलं, की आपण मनातल्या मनात रविवारची वाट पाहतो आहोत.

शेजारच्या टेबलावर पॉलिशवाला बसे. तयार झालेल्या कवळ्या फिरत्या चाकावर धरून त्यांना चकाकी आणायचं त्याचं काम. चाकाच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय लागल्यामुळे तो चाक बंद असतानाही ओरडूनच बोले.

"काय बाईसाहेब, आज सुटका म्हणे!"

"हळू बोला. कुणी सांगितलं?"

"मालकांच्या तोंडावर लिहिलंय. सकाळपासून आंबट चेहरा करून फिरतायत. जा बाबा तुम्ही. मला कुणी असं सांगितलं ना, की उद्यापासून येऊ नकोस आणि उपाशीही मरणार नाहीस, तर मी ही चप्पल इथेच सोडून अनवाणी पळेन."

"कुठे पळाल?"

तो थांबला. हातातली कवळी त्याने उलटसुलट करून पाहिली. "तेवढं नाही ठरवलं. पळाल्यावर बघू."

धाकटी हसली. मग तिने समोरचा कागद वाचला. पुरुष, वय बहात्तर, दात सरळ, पांढरे, एकसारखे. तिने दिवा पेटवला, सुरी तापवली. वरचा आणि खालचा जबडा बिजागरीने उघडमीट करणाऱ्या पितळी सांगाड्यावर बसवलेले होते; त्यांच्या कडेच्या मेणात एकेक दात रोवायचा, सांगाडा मिटायचा, चावा जुळतो का पाहायचं. या कामात तिचं मन लागत नसे, म्हणजे लागावं लागत नसे. हात आपले आपण चालत आणि मन दाराबाहेर सोडलेल्या जनावरासारखं भटकून येई.

आज ते भटकायला गेलं आणि वाट चुकलं. राहायचं आहे का? तिने स्वतःला विचारलं आणि ऐकत राहिली. रिकाम्या माठात तोंड घालून हाक मारली की आपलाच आवाज जरा मोठा होऊन परत येतो, तसं झालं. जायचं आहे का? पुन्हा तेच. नऊ वर्षांत 'मला हवं आहे' हे तिचं वाक्य कधी पुरं झालंच नव्हतं. ते अर्धं तिच्या तोंडून निघे आणि उरलेलं अर्धं ताईच्या तोंडात पुरं होई. आता अर्ध्यावर येऊन ते थांबलं होतं आणि पलीकडे कुणी नव्हतं.

"बाईसाहेब," पॉलिशवाला तिच्या खांद्यावरून वाकून ओरडला, "हे काय, बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला तुमच्या ताईंचं हसू लावताय होय?"

तिने पाहिलं. समोरच्या दोन दातांमधला डावा दात शेजारच्यावर किंचित चढला होता, दारातून डोकावणाऱ्या माणसाने चौकटीवर खांदा टेकावा तसा. ताईचा दात. अगदी तेवढाच चढलेला, तेवढाच वळलेला. पॉलिशवाल्याने ताईला दोनचार वेळाच पाहिलं असेल, डबा द्यायला आली तेव्हा. तरी त्यालाही ओळखू आला.

"चुकून झालं," ती म्हणाली.

"चुकून एवढं हुबेहूब होतं? माझ्याकडून तर मुद्दामसुद्धा होत नाही."

तिने सुरी तापवली, मेण सैल केलं आणि दात सरळ केला. एका झटक्याचं काम. निदान हातांना तरी स्वतःचं काही ठाऊक असेल अशी तिची कुठेतरी आशा होती; आणि हात तर तिच्याहीपेक्षा ताईचे निघाले. की हे प्रेम होतं? लहानपणापासून रोज सकाळी जो चेहरा समोर पाहिला तो बोटांत उतरला, यात भिण्यासारखं काय आहे? तिला भीती वाटली एवढं खरं. भीती कशाची, ते सांगता आलं नसतं.

जेवणाची सुट्टी झाल्याबरोबर ती डबा न उघडता निघाली. रुग्णालय तीन चौक पलीकडे होतं.

धुलाईखान्यात वाफेमुळे माणसं आधी आवाज होत आणि मग आकार. मोठाल्या पिंपांच्या रांगेपलीकडे ताई दाबाच्या इस्त्रीशी उभी होती आणि तिच्यासमोर चादरींच्या घड्या घालणारी बाई, जाडजूड, हसरी, दोन्ही हात पसरून एक चादर अंगाशी धरून उभी.

"तू इथे कशी?" ताईने विचारलं. "बरं आहे ना सगळं?"

"सहापर्यंत सांगायचंय. राहू की जाऊ?"

ताईने इस्त्रीचं झाकण खाली ओढलं. वाफ फुसकन निघाली. "मी सांगणार नाही."

"एवढं एकच सांग. शेवटचं."

"शेवटचं गेल्या रविवारी झालं."

"ताई, विनवण्या करून दातांच्या कण्या व्हायची वेळ आली माझ्या."

"तुझ्याकडे दातांना काय तोटा," घड्या घालणारी बाई म्हणाली आणि आपल्याच विनोदावर खळखळून हसली. ताईही हसली. धाकटीला हसू आलं नाही, आणि ते आलं नाही याचाच तिला राग आला.

"बरं, तुझं तरी सांग. तू कधी सोडणार?"

"मी कुठे सोडतेय?" ताई म्हणाली. "मला इथे बरं वाटतं. मळकं येतं, स्वच्छ जातं. संध्याकाळी काहीतरी झालेलं दिसतं."

"म्हणजे? आपण नऊ वर्षं..."

"नऊ वर्षं मी माझ्या मर्जीने इथे नव्हते. उद्यापासून मर्जीने येईन. फरक आहे की नाही?"

फरक होता. धाकटीला तो दिसला, आणि दिसल्यावर तिला उगाचच रडू यायला लागलं. "मग तू जे मागत होतीस ते? गाण्याचा वर्ग, हातांची खुर्ची, रेडिओ? आता घे ना ते. तो हिरवा कोट. चल, आज घेऊ. तीन वर्षं मी तुला नाही म्हणाले, माझा जीव तुटायचा गं."

घड्या घालणाऱ्या बाईने चादर खाली केली.

"हिरवा कोट? खांद्यावर मोठी बटणं असलेला?"

"हो. तुम्हाला कसं ठाऊक?"

"अगं, तो माझा कोट!" बाई ओरडली. "म्हणजे मला हवा होता तो. मी रोज दुकानावरून जाताना बघायची. ताई, तू माझा कोट मागितलास होय? आणि ही नाही म्हणाली? माझ्या कोटाला?"

"तुझ्या कोटाला काही झालं नाही," ताई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, वाफेने नक्कीच नव्हते. "धाकटे, इकडे ये."

दोघी पिंपांच्या मागे गेल्या. तिथे पाण्याचा एक पाट वाहत होता आणि त्यात साबणाचा फेस हळूहळू पुढे सरकत होता.

"मला काही नकोच होतं," ताई म्हणाली. "पहिल्या दोनतीन महिन्यांत होतं थोडं. मग आटलं. आणि तू दर रविवारी काहीतरी घेऊन बसायचीस, डोळे एवढे मोठे करून. मी म्हटलं, हिला वाटेल ताईला काही सोडावंच लागत नाही, सगळं हीच सोडतेय. तू चार महिन्यांत मोडली असतीस. म्हणून मग शनिवारी मी इथे बायकांना विचारायची, तुम्हाला काय हवंय गं? त्यातलं एखादं उचलायची. खुर्ची त्या पलीकडच्या म्हातारीची. गाणं कुणाचं होतं ते आता आठवतही नाही. आणि हिरवा मला कधी शोभलाय का? तूच सांग."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. हिरवा खरंच शोभला नसता. हे तिला तीन हिवाळ्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

"आणि माझं?"

"तुझं काय?"

"माझं पोहणं. माझा वर्ग. ते तरी खरं होतं ना?"

"खरं होतं म्हणून तर नाही म्हणाले," ताई म्हणाली. "खोटं असतं तर हो म्हणायला काय जात होतं माझं?"

धाकटीला वाटलं, आता आपण चिडायला हवं. आपली फसवणूक झाली. आपण एका अनोळखी बाईच्या कोटासाठी नळ सोडून रडत होतो, आणि ताई बाहेर शांतपणे भांडी घासत होती. पण फसवणुकीत फायदा कुणाचा झाला, हे शोधायला गेलं तर हाती काहीच लागेना. ताईने दर शनिवारी दुसऱ्यांच्या दारात जाऊन इच्छा मागून आणली होती, नाकारली जावी म्हणून. एवढी मेहनत तर कुणी स्वतःच्या सुखासाठीही करत नाही. तिला ताईला मिठी मारावीशी वाटली आणि ढकलून द्यावंसं वाटलं, दोन्ही त्याच हातांनी.

"तू मला आधी सांगायचं होतंस."

"कारण विचारायचं नाही असं ठरलं होतं."

"मी विचारलं नाही. तू सांगायचं होतंस."

फेसाचा एक पुंजका पाटाच्या कडेला अडकून फुटला. मग ताई म्हणाली, "सहाचं तुझं तू बघ. मी सांगितलं तर माझंच होईल ते. आणि आता तर तुझा माझ्यावर विश्वासही बसणार नाही."

परतताना धाकटी चुकून एक चौक पुढे गेली. पोहायचं खरं होतं, ताई म्हणाली. पण चालता चालता तिला आठवलं, की पोहण्याच्या गोष्टी आधी पॉलिशवाला सांगत असे. तो लहानपणी नदीत कसा उडी मारायचा, पाण्याखाली डोळे उघडले की कसं दिसतं. समुद्राला बरोबरच्या बायका निघाल्या होत्या. वर्गाची जाहिरात मालकांनी भिंतीला लावली होती. मग तिच्या इच्छा कुठल्या दुकानातून आल्या होत्या? ताईने निदान जाणूनबुजून उसन्या आणल्या. आपण न कळता. की सगळ्यांच्याच इच्छा अशा कुठून कुठून येतात, आणि आपण त्यांना घरात ठेवून घेतो म्हणून त्या आपल्या होतात? तिने एका दुकानाच्या काचेत पाहिलं. भुवयांवर पांढरी भुकटी. म्हातारपण असं दिसेल, तिला वाटलं. आणि त्या क्षणी तिला लगेच काहीतरी हवंसं वाटलं, पण काय, ते नाव घेण्याआधीच निसटलं.

दुपारभर तिने काम केलं. बहात्तर वर्षांच्या माणसाचे अठ्ठावीस दात सरळ, पांढरे, एकसारखे झाले. पॉलिशवाल्याने दोनदा काहीतरी विचारलं, तिने 'हं' म्हटलं. सहाला पाच कमी असताना मालक आले आणि टेबलाशी उभे राहिले. ओठ ओले केले.

"बाई, काय सांगू त्या मुलीला?"

धाकटीने दिवा विझवला. "मला ठाऊक नाही, साहेब."

"म्हणजे?"

"राहायचं की जायचं, ते मला खरंच ठाऊक नाही. सकाळपासून शोधतेय."

मालकांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला. त्यांना राग आला नव्हता. काळजी वाटली असावी. "घरी विचारलंत का?"

"विचारलं. सांगत नाहीत."

"मग मीच सांगतो," ते समजुतीच्या आवाजात म्हणाले. "माणूस एवढा गोंधळतो तेव्हा तो मनातून गेलेलाच असतो. मी तुम्ही गेलात असं धरतो आणि मुलीला फोन करतो. उगाच जिवाला त्रास करून घेऊ नका."

ते किती सोपं होतं. त्यांच्या आवाजात बसायला जागा होती, पाठ टेकायला आधार होता. धाकटीची मान होकारासाठी हलायलाही लागली होती. आणि मग ती अर्ध्यात थांबली, कारण ही मान कुणाची, असा प्रश्न तिला पडला.

"धरू नका," ती म्हणाली.

"राहताय?"

"नाही. जाते. पण तुम्ही धरायचं नाही. मी जाते, असं मी म्हणतेय."

"तेच तर मी..."

"तेच नाही, साहेब. का जाते ते मला सांगता येणार नाही. कदाचित चूक असेल. उद्या सकाळी उठून मी या दाराशी येऊन रडेनसुद्धा. पण ती चूक माझी असू दे."

पॉलिशवाल्याने चाक बंद केलं होतं. खोलीत इतकं शांत झालं, की टाक्यातलं प्लास्टर आळतानाची बारीक करकर ऐकू आली. मालकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला, आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू वीस वर्षांत त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "बरं, बाई."

ती बाहेर आली तेव्हा उन्हं उतरली होती. आनंद झाला का, तिने चाचपून पाहिलं. झाला नव्हता. दुःखही नव्हतं. जिन्याला आणखी एक पायरी आहे असं समजून टाकलेलं पाऊल सपाट जमिनीवर आदळावं, तसं अंगभर काहीतरी दचकून राहिलं होतं. घराच्या वाटेवर तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

ताई आधीच आली होती. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती आणि ताई नेहमीच्या टोकाला न बसता उभीच होती, पदराला हात पुसत, पुन्हा पुन्हा.

"काय सांगितलंस?"

धाकटीने चपला काढल्या, भुवया धुतल्या. तोंड पुसताना तिच्या लक्षात आलं, की ही एक गोष्ट सध्या फक्त आपल्याला ठाऊक आहे. मालकांना माहीत होतं, पॉलिशवाल्यालाही. पण या घरात ती फक्त तिची होती. नऊ वर्षांत या दोन खोल्यांमध्ये तिचं असं काहीही नव्हतं. ते जपावं, की लगेच टेबलावर ठेवून मोकळं व्हावं, हे तिला समजेना.

"सांग ना गं. की अजून माझ्यावर रागावलीस?"

"ते पण माहीत नाही."

"मग?"

"सांगेन," धाकटी म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. "मला सांगावंसं वाटलं की सांगेन."

ताईने तोंड उघडलं. मिटलं. मग तीही बसली, आणि दोघी जेवू लागल्या.